मका एकच, मग एकाचा मुरघास सोनेरी आणि दुसऱ्याचा काळा का निघतो?

पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर या दुधाच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत गोठ्याचं चित्र बदललंय. पूर्वी जिथे फक्त कडब्याची गंजी दिसायची, तिथे आता गच्च भरलेल्या पांढऱ्या बॅगांची रांग दिसते. नाहीतर प्लॅस्टिकच्या कागदाखाली झाकलेला आणि वर जुने टायर ठेवलेला लांबलचक ढीग. आत असतो मुरघास. म्हणजे हिरव्या मक्याची कुट्टी करून, हवा काढून, बंद करून मुरवलेला चारा.

कृती ऐकायला सोपी आहे. मका कापा, कुट्टी करा, भरा, दाबा, तोंड बांधा आणि दीड महिन्याने उघडा. मोबाईलवर याचे ढिगाने व्हिडिओ मिळतात. पण दीड महिन्याने एकाच गावातल्या दोन गोठ्यांत दोन वेगळ्या गोष्टी घडतात. एकाच्या बॅगेतून आंबटगोड वासाचा, पिवळसर चारा निघतो आणि गायी गव्हाण चाटूनपुसून साफ करतात. दुसऱ्याच्या बॅगेतून काळपट, चिकट, कुजका माल निघतो आणि जनावर त्याला तोंड लावत नाही.

दुसऱ्याचं नुकसान फक्त मक्यापुरतं नसतं. कुट्टीचं भाडं, मजुरी, बॅगा सगळं पाण्यात जातं आणि ऐन उन्हाळ्यात चारा विकत शोधत फिरावं लागतं. त्यात मुरघासाची एक अडचण आहे. आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही आणि उघडल्यावर बिघडलेलं दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे चांगला मुरघास कशाने होतो, हे तोंड बांधायच्या आधीच माहीत असावं लागतं.

मुरघास म्हणजे नेमकं काय?

मुरघासाला बरेच जण जनावरांचं लोणचं म्हणतात. पण लोणचं मीठ-तेलावर टिकतं, मुरघास आंबण्यावर टिकतो. त्यामुळे दह्याशी त्याचं नातं जास्त जवळचं आहे. दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू दही लावतात. त्याच कुळातले जिवाणू मक्याच्या ताटातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. आंबटपणा एका पातळीपर्यंत वाढला की कुजवणारे जिवाणू तग धरू शकत नाहीत आणि चारा महिनोन् महिने टिकतो.

ही पद्धत आधुनिक शेतीत आणण्याचं श्रेय ऑग्युस्त गोफार या फ्रेंच शेतकऱ्याला दिलं जातं. त्याने मक्याच्या मुरघासावर लिहिलेलं पुस्तक १८७७ साली आलं आणि पुढे ही पद्धत युरोप-अमेरिकेत पसरली. फिनलंडचे शास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी चाऱ्यात आम्ल मिसळून तो टिकवण्याची पद्धत शोधली. त्यांना १९४५ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मुख्यतः या चारा टिकवण्याच्या कामासाठी.

आपल्याकडे याची गरज वेगळ्या कारणाने आहे. पावसाळ्यात चारा बांधावर वाया जातो आणि मार्च ते जूनमध्ये पेंढीला भाव येतो. १९७२ चा दुष्काळ असो, २०१२-१३ चा असो की २०१८-१९ चा, चारा छावण्या हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. जास्तीचा हिरवा चारा टंचाईच्या महिन्यांपर्यंत नेणं, हाच मुरघासाचा मूळ उपयोग.

बंद बॅगेत काय घडतं?

कापलेलं ताट लगेच मरत नाही. कुट्टी झाल्यावरही त्यातल्या पेशी श्वास घेत राहतात. भरताना अडकलेल्या हवेतला ऑक्सिजन त्या वापरतात, साखर जाळतात आणि उष्णता सोडतात. दाब चांगला असेल तर हवा कमी अडकते आणि हा टप्पा काही तासांत संपतो. दाब कमी असेल तर तो लांबतो, चारा तापतो आणि जी साखर आम्ल तयार करायला लागणार होती तीच जळून जाते.

ऑक्सिजन संपला की बिनहवेत जगणारे जिवाणू पुढे येतात. इथे शर्यत लागते. लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू जिंकले तर काही दिवसांत सामू ४ च्या आसपास येतो. मक्याच्या चांगल्या मुरघासाचा सामू ३.८ ते ४.२ असतो. ते मागे पडले तर क्लॉस्ट्रिडियम गटातले जिवाणू डोकं वर काढतात. ते ब्युटिरिक आम्ल तयार करतात. खवट लोण्यासारखा, नाक धरायला लावणारा तो वास त्याचाच.

साधारण तीन आठवड्यांत हे आंबणं बरंचसं स्थिरावतं. तरीही ४५ दिवस थांबायला सांगतात, कारण त्या काळात आम्लं पुरेशी तयार होतात, दाण्यातला स्टार्च पचायला हलका होतो आणि उघडल्यावर चारा जास्त टिकतो.

थोडक्यात, मुरघास बनवणारा माणूस काही बनवत नाही, जिवाणू बनवतात. माणसाचं काम योग्य जिवाणू जिंकतील अशी परिस्थिती तयार करून देणं, एवढंच.

मग मकाच का?

मुरघास ज्वारी, बाजरी, नेपिअर गवताचाही होतो. पण मका तीन बाबतींत सरस आहे. त्याच्या ताटात साखर भरपूर असते. त्याच्यात आम्लाला विरोध करणारे घटक कमी असतात, त्यामुळे सामू झटकन खाली येतो. आणि कणसातल्या दाण्यामुळे चाऱ्याबरोबर खुराकाचाही काही भाग मिळतो.

लसूणघासासारख्या द्विदल चाऱ्याचं उलट आहे. त्यात प्रथिनं जास्त आणि साखर कमी, म्हणून नुसत्या लसूणघासाचा मुरघास करणं अवघड जातं.

चाऱ्याच्या मक्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आफ्रिकन टॉल हा वाण महाराष्ट्रात घराघरात माहीत आहे. तो उंच वाढतो आणि हिरवा चारा भरपूर देतो. पण मुरघासासाठी नुसती उंची पुरत नाही, कणीस भरलेलं लागतं. म्हणून बरेच जण मुरघासाला दाण्याचे संकरित वाण निवडतात. कुठलाही वाण घ्या, दाट पेरून कणसं पोचट राहिली तर मुरघासातली ताकद तिथेच निम्मी होते.

सगळ्यात मोठा निर्णय: कापायचं कधी?

मुरघास बिघडण्याचं मोठं कारण म्हणजे घाई. मका हिरवागार आणि रसरशीत दिसतो, कणीस चिकात असतं आणि कापणी सुरू होते. त्या वेळी ताटात बारा-तेरा आणे पाणीच असतं असं म्हणावं लागेल. १०० किलो मक्यात तब्बल ७५ ते ८० किलो पाणी असतं. अशा कुट्टीतून दाबल्यावर पाणी गळतं. त्या पाण्याबरोबर साखर जाते आणि ओलसर वातावरणात कुजवणाऱ्या जिवाणूंचं फावतं.

मक्यात कोरडा भाग ३० ते ३५ टक्के आणि पाणी ६५ ते ७० टक्के असावं लागतं. हे शेतात उभं राहून ओळखायचे तीन मार्ग आहेत.

पहिला, दाण्यावरची दुधी रेषा. शेतातल्या पाच-सहा ठिकाणची कणसं मधोमध मोडायची आणि दाण्याची कोंब नसलेली बाजू पाहायची. दाणा टोकाकडून आत कडक होत जातो. कडक पिवळा भाग आणि मऊ दुधाळ भाग यांच्यामध्ये एक रेष दिसते. ही रेष दाण्याच्या निम्म्यावर किंवा थोडी पुढे, दोन तृतीयांशापर्यंत आली की कापणीची वेळ झाली. वाण आणि हंगामाप्रमाणे दिवस बदलतात, म्हणून कॅलेंडरपेक्षा कणीस मोडून बघणं खात्रीचं.

दुसरा, मुठीची परीक्षा. दोन-चार ताटांची कुट्टी करून मूठभर कुट्टी अर्धा-एक मिनिट घट्ट दाबायची. बोटांतून पाणी टपकलं तर मका अजून कच्चा आहे. मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला आणि तळहात जेमतेम ओलसर राहिला तर योग्य. गोळा झालाच नाही, लगेच भुसभुशीत पसरला, तर मका जास्त वाळलाय.

तिसरा, वजन. घरात मायक्रोवेव्ह असेल तर १०० ग्रॅम कुट्टी थोडा थोडा वेळ तापवून, दर वेळी वजन करायचं. सोबत आत पाण्याचा कप ठेवायचा, म्हणजे चारा जळत नाही. वजन कमी व्हायचं थांबलं की जेवढे ग्रॅम उरले तेवढे टक्के कोरडा भाग. ३३ ग्रॅम उरले तर ३३ टक्के.

उशीरही महागात पडतो. जास्त वाळलेली कुट्टी कितीही तुडवली तरी स्पंजासारखी फुगते, मधे हवा राहते आणि बुरशी लागते. कडक झालेला दाणा न फुटता गायीच्या पोटातून तसाच शेणात येतो.

हे माहीत असूनही अनेकांना लवकर कापावं लागतं. कुट्टीचं मशीन दोन दिवसांसाठीच गावात असतं, पुढच्या पिकासाठी रान मोकळं करायचं असतं, परतीचा पाऊस डोक्यावर असतो. अशा वेळी कापलेला मका काही तास रानात सुकू देणं किंवा कुट्टीत थोडा चांगला, कोरडा कडबा मिसळणं, हा मधला मार्ग असतो. कणसात न भरलेला दाणा मात्र त्याने भरून येत नाही.

कापताना जमिनीपासून १५-२० सेंटीमीटर बुंधा सोडणं चांगलं. मातीतून क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू येतात आणि चाऱ्यात माती जितकी कमी तितका धोका कमी.

कुट्टी बारीक आणि दाब जोरात

कुट्टीचे तुकडे एक ते दोन सेंटीमीटरचे असावेत. त्याहून लांब असले की दबत नाहीत आणि गाय निवडून खाते, दांडके गव्हाणीत उरतात. फार पीठ केलं तर रवंथाला लागणारा तंतू मिळत नाही. दाणे मात्र फुटलेले किंवा चिरलेले हवेत. मशीनचं पातं बोथट असेल तर कुट्टी कापली न जाता फाटते, म्हणून काम सुरू करण्याआधी पातं पाजळून घेणं फायद्याचं.

यानंतरचं काम म्हणजे दाबणं. मुरघासाचा हा निम्मा कारभार आहे. चांगल्या दाबलेल्या खड्ड्यात एका घनमीटरमध्ये ६०० ते ७०० किलो माल बसतो. त्यासाठी कुट्टीचा थर १५ सेंटीमीटरपेक्षा जाड न टाकता प्रत्येक थरावरून ट्रॅक्टर फिरवावा लागतो. खड्ड्याच्या भिंतीलगतची जागा हमखास कच्ची राहते, तिथे जास्त लक्ष लागतं.

ट्रॅक्टरचं वजन पुरतंय का, याचा एक साधा हिशेब आहे. तासाला जेवढे टन कुट्टी खड्ड्यात येते, त्याला ४०० ने गुणलं की दाबायला किती किलोचं यंत्र हवं ते कळतं. दोन टनांचा ट्रॅक्टर तासाला पाच टन कुट्टी नीट दाबू शकतो. मशीन तासाला १० टन कुट्टी टाकत असेल तर तो ट्रॅक्टर नुसता फिरतो, माल दबत नाही. अशा वेळी एकतर कुट्टीचा वेग कमी करायचा किंवा दुसरा ट्रॅक्टर आणायचा.

बॅगेत हेच काम पायांनी होतं. थोडी थोडी कुट्टी टाकून कडेकडेने तुडवायची. मधोमध उड्या मारून कोपरे तसेच सोडले की बुरशी कोपऱ्यांतूनच सुरू होते.

भरणं शक्यतो एका दिवसात संपवायचं. अर्धा खड्डा भरून उरलेलं काम दोन दिवसांनी केलं, तर पहिला थर तोवर तापून बसतो. पाऊस आला तर थांबायचं आणि झाकायचं.

झाकण्यात काटकसर सगळ्यात जास्त नडते. जुने फ्लेक्स किंवा भोकं पडलेली ताडपत्री हवा थोपवत नाहीत. नीट न झाकलेल्या ढिगाच्या वरच्या दोन-तीन फुटांतला चाऱ्याचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त नुसता उडून जातो. मुरघासासाठीचा जाड, उन्हाने न फाटणारा कागद घ्यायचा, पांढरी बाजू वर ठेवायची, वर टायर किंवा वाळूच्या पिशव्या खेटून लावायच्या. नंतर उंदीर, कावळे, कुत्री यांनी भोक पाडलंय का ते आठवड्याला बघायचं आणि दिसलं की लगेच चिकटपट्टी लावायची.

खड्डा बरा की बॅग?

हा प्रश्न आवडीचा नाही, गायींच्या संख्येचा आहे. खड्डा उघडला की समोरचा भाग रोज हवेला लागतो. तो खराब व्हायच्या आत संपवायचा तर रोज किमान १५ सेंटीमीटरचा थर, उन्हाळ्यात ३० सेंटीमीटरचा, निघाला पाहिजे.

पाच गायी धरू. प्रत्येकीला रोज २० किलो म्हणजे १०० किलो मुरघास. घनमीटरला ६०० किलोचा दाब धरला तर १५ सेंटीमीटरचा थर निघण्यासाठी खड्ड्याचं तोंड साधारण साडेतीन फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच एवढंच हवं. त्यात ट्रॅक्टर जाणार कसा? म्हणजे पाच गायींच्या गोठ्याने दहा फूट रुंद खड्डा केला, तर तो रोज जेवढा काढतो त्यापेक्षा जास्त बिघडवतो. अशा गोठ्याला बॅगा सोयीच्या. एक टनाची बॅग दहा दिवसांत संपते, ५०० किलोची पाच दिवसांत. २५-३० गायींच्या पुढे बांधीव हौद परवडू लागतो. मशीनने बांधलेले ५० ते १०० किलोचे गठ्ठे विकायला आणि वाहून न्यायला सोपे, पण किलोमागे महाग पडतात.

किती मका लागेल? पाच गायींना वर्षाला साडेछत्तीस टन. साठवणीत १५ टक्के घट धरली तर सुमारे ४३ टन हिरवा मका. एकरी १८ टन उत्पादन धरलं तर जवळपास अडीच एकर. तेच रान खरीप आणि रब्बीत दोनदा घेतलं तर सव्वा एकर.

गूळ, मीठ, युरिया, कल्चर: काय घालायचं?

व्हिडिओंमध्ये सर्वाधिक चर्चा याची असते आणि मुरघासाच्या दर्जात याचा वाटा सगळ्यात कमी असतो.

मक्यात साखर मुळातच पुरेशी असते, त्यामुळे वेळेवर कापलेल्या मक्याला गुळाची गरज नसते. साखर कमी असलेल्या गवताच्या मुरघासात गूळ किंवा मळी उपयोगी पडते. मीठही आंबण्यासाठी आवश्यक नाही.

युरियाने चाऱ्यातली प्रथिनं कागदावर वाढतात, पण तो आम्लाला विरोध करतो आणि सामू खाली यायला वेळ लागतो. अंदाजाने टाकला किंवा एका जागी साचला तर जनावराला विषबाधा होऊ शकते. पशुवैद्यक किंवा पशुआहार तज्ज्ञाने मात्रा ठरवून दिल्याशिवाय त्याच्या वाटेला न जाणं बरं.

कल्चर म्हणजे लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू बाहेरून देणं. चांगल्या दर्जाचं कल्चर आंबणं लवकर मार्गी लावतं. लॅक्टोबॅसिलस ब्युकनेरी प्रकारचं कल्चर उघडल्यानंतर मुरघास तापू नये म्हणून उपयोगी पडतं. पण कच्चा मका आणि ढिला दाब यांवर कुठलंच कल्चर उतारा नाही.

उघडल्यावर ओळखायचं कसं?

रंग, वास आणि स्पर्श यांवरून बरंच कळतं.

- पिवळसर, सोनेरी किंवा फिकट हिरवट रंग आणि दह्यासारखा किंवा पिकलेल्या फळासारखा आंबटगोड वास: चांगला.
- गडद तपकिरी रंग आणि जळक्या साखरेसारखा किंवा तंबाखूसारखा वास: चारा तापला होता. जनावर आवडीने खाईलही, पण त्यातली प्रथिनं पचत नाहीत.
- काळपट, चिकट आणि खवट वास: क्लॉस्ट्रिडियमचं काम. मका ओला कापला गेला.
- झोंबणारा व्हिनेगरसारखा वास: आंबणं भलत्या वाटेला गेलं. जनावर कमी खातं.
- पांढरे, निळसर, लालसर बुरशीचे पुंजके: हवा शिरली.

सामू तपासायच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात. वाटीभर स्वच्छ पाण्यात मुरघास कालवून पट्टी बुडवली की अंदाज येतो. ४.२ च्या आत असेल तर ठीक, ५ च्या वर असेल तर काहीतरी बिघडलंय.

बुरशी लागलेला भाग काढताना आजूबाजूचा थोडा चांगला दिसणारा भागही काढून टाकायचा. खराब भाग चांगल्यात मिसळून संपवून टाकणं, हा सगळ्यात महागडा काटकसरीचा प्रकार आहे. बिघडलेल्या मुरघासातून लिस्टेरिया जिवाणूची लागण होऊ शकते आणि गाभण जनावर गाभडू शकतं.

गायीला किती आणि कसा द्यायचा?

मुरघास हा पूर्ण आहार नाही. मक्याच्या मुरघासात ऊर्जा भरपूर, पण प्रथिनं कोरड्या भागाच्या ७ ते ९ टक्केच आणि कॅल्शियम कमी. मोठ्या दुधाळ गायीला दिवसाला १५ ते २० किलो मुरघास दिला की तिच्या कोरड्या चाऱ्याच्या गरजेचा सुमारे निम्मा भाग भागतो. उरलेल्यात वाळलेली वैरण, लसूणघासासारखा द्विदल चारा, पेंड आणि खनिज मिश्रण लागतंच.

नुसत्या मुरघासावर गाय ठेवली तर कोठीपोटात आम्ल वाढतं, रवंथ कमी होतो, शेण पातळ होतं आणि दुधाचं फॅट घसरतं. सुरुवात दोन-तीन किलोंपासून करून आठ-दहा दिवसांत पूर्ण मात्रेवर यायचं, म्हणजे पोटातल्या जिवाणूंना सवय होते. लहान वासरांना, ज्यांचं कोठीपोट अजून तयार झालेलं नाही, मुरघास देऊ नये. दुधाला वास लागू नये म्हणून धार काढून झाल्यावर मुरघास टाकणं चांगलं.

शहरातल्या दुधाच्या ग्लासाशी याचा काय संबंध?

मक्याच्या दाण्यावर वाढणारी ॲस्परजिलस नावाची बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. असा चारा किंवा पशुखाद्य गायीच्या पोटात गेलं की त्याचा काही अंश अफ्लाटॉक्सिन एम-१ या रूपात दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही.

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानक प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१८ मध्ये देशभरातले दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यातल्या ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त निघालं. भारतात ही मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. हे विष दुधात भेसळीने नाही, चारा आणि खाद्यातून येतं. त्यात मुरघास एकटा दोषी नाही, ओलसर जागी ठेवलेली पेंड आणि मक्याचा भरडाही तितकाच. पण बुरशीचा मुरघास 'जनावरच तर खातंय' म्हणून चालवून घेता येत नाही, ते यामुळे.

एक धोका, ज्याबद्दल कमी बोललं जातं

मुरघास भरल्यापासून पहिले तीन आठवडे खड्ड्यात विषारी वायू तयार होऊ शकतात. मक्यातल्या नायट्रेटपासून नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. तो पिवळसर तपकिरी दिसतो, ब्लीचिंगसारखा वास येतो आणि हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचून राहतो. आंबताना कार्बन डायऑक्साइडही भरपूर निघतो, त्याला तर रंग-वास काहीच नसतो. खोल, बंदिस्त खड्ड्यात या काळात कुणी उतरू नये, मुलांना जवळ खेळू देऊ नये. आत कुणी कोसळलं तर मागोमाग उडी मारणाऱ्याचाही जीव जातो.

पाण्याचा ताण बसलेल्या मक्यात नायट्रेट जास्त साचतं, तेही बुंध्याकडे. असा मका नेहमीपेक्षा उंचावरून कापायचा आणि मोठ्या ताणानंतर पाऊस पडला तर चार-पाच दिवस थांबून कापायचा. आंबताना नायट्रेट बरंच कमी होतं, म्हणून तो हिरवा खाऊ घालण्यापेक्षा मुरघास करून, महिनाभरानंतर देणं जास्त सुरक्षित.

विकत घेणाऱ्याने काय बघायचं?

मुरघास किलोवर विकला जातो, पण गायीच्या कामाचा असतो तो त्यातला कोरडा भाग. समजा दोन व्यापारी सहा रुपये किलोनेच मुरघास देतायत. एकाच्या मालात कोरडा भाग ३३ टक्के, दुसऱ्याच्या २२ टक्के. पहिल्याच्या एक टनात ३३० किलो खरा चारा मिळाला, म्हणजे किलोला १८ रुपये. दुसऱ्याच्या एक टनात २२० किलो, म्हणजे किलोला २७ रुपये. उरलेलं पाणी आहे आणि पाणी गोठ्याच्या नळाला फुकट येतं. दुसऱ्याचा माल चार रुपयांना मिळाला तरच दोघांचा भाव सारखा झाला. त्यातही कच्च्या मक्यात दाणा कमी, हे वेगळंच.

हीच गोष्ट उभा मका वजनावर विकणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांनाही लागू आहे. कच्च्या मक्याचं वजन जास्त भरतं, म्हणून विकणाऱ्याला घाई असते. घेणाऱ्याने गाडी भरण्याआधी चार कणसं मोडून बघितली आणि मूठभर कुट्टी दाबून बघितली, तर पुढचा वाद टळतो.

स्वतः मुरघास करणाऱ्यांसाठी शेवटची गोष्ट अगदी साधी आहे. प्रत्येक बॅगेवर भरल्याची तारीख, कुठल्या रानातला मका आणि कापताना दुधी रेषा कुठे होती, एवढं मार्करने लिहून ठेवायचं. उन्हाळ्यात एखादी बॅग काळी निघाली, तर चूक कापणीत झाली की दाबण्यात, हे त्यावरून कळतं आणि पुढच्या हंगामात ती टाळता येते.